लष्करी न्यायालयातला सरकारी वकील

दिल्लीच्या लाल किल्ल्यात ५ नोव्हेंबर १९४५ रोजी आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि ढिल्लन यांचं कोर्ट मार्शल सुरू झालं. भुलाभाई देसाईंचा बचाव सगळ्यांना आठवतो. पण समोर उभे होते ॲडव्होकेट जनरल सर नौशेरवान इंजिनियर, मुंबईचे पारशी कायदेपंडित. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप त्यांनी सिद्ध केला. जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जनमत इतकं पेटलं होतं की सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली.

आज जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी न्यायासनावर बसतात. कायद्याचा सल्ला द्यायला जज ॲडव्होकेट हजर असावाच लागतो. तो कोणाच्याच बाजूचा नसतो. आरोप मांडणारा, साक्षीदार तपासणारा अधिकारी, म्हणजे अभियोक्ता, वेगळा.

त्याच्यासाठी १९५४ च्या आर्मी रूल्समधला ७७ वा नियम मला फार मोलाचा वाटतो. अभियोक्त्याने निःपक्ष राहायचं, घडलेली सगळी हकिकत न्यायालयापुढे ठेवायची, आरोपीचा गैरफायदा घ्यायचा नाही आणि त्याच्या बाजूचा पुरावा दडपायचा नाही! शिक्षा मिळवून देणं हे त्याचं काम असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. समोरचा आरोपी त्याच्याच गणवेशातला असतो, हे लक्षात घेतलं की या नियमाचं वजन कळतं.