अडीचशे ओहमचे कान

गोंदिया म्हटले की बाहेरच्या माणसाला तांदूळ आठवतो, फार तर विडी आठवते. हेडफोनचा ॲम्प्लिफायर काही कुणाला आठवत नाही. आणि मराठीच्या प्राध्यापकाने त्यावर लेख लिहावा हे तर त्याहून विपरीत. पण गरज माणसाला काय काय शिकवील याचा नेम नाही. मला तिने ओहम, व्होल्ट आणि डेसिबल शिकवले.

गरज अशी. आमच्या झाडीपट्टीतल्या वृद्ध स्त्रियांच्या दळणाच्या ओव्या मी फोनवर मुद्रित करतो आणि सवडीने कागदावर उतरवतो. काम नवे नाही. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यापुढे माझी ओंजळ ती केवढी! पण ओंजळीतले पाणीही सांडू नये असे वाटते. झाडीबोलीत ळचा र होतो आणि णचा न होतो. डोळा हा 'डोरा', काळा हा 'कारा'. मात्र शाळेत जाणाऱ्या नातवंडांच्या सहवासाने तीच आजी एका ओवीत 'डोरा' म्हणते आणि पुढच्या ओवीत 'डोळा'. बोली कुठे टिकली आणि कुठे ढळली, ते या एका अक्षरावरून कळते. बरे, शंका आली म्हणून पुन्हा जाऊन विचारावे, तर आमगावकडच्या एक आजी गेल्या वर्षी वारल्या. त्यांचा र की ळ, याचा निवाडा आता फक्त कानानेच करायचा.

एका स्नेह्याने मला स्टुडिओत वापरलेले 'बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो' हे हेडफोन दिले. उत्तम वस्तू, पण फोनला जोडली की कुजबुजू लागते. कारण तिच्यावर लिहिलेला आकडा: २५० ओहम. साध्या हेडफोनचा हा आकडा १६ किंवा ३२ असतो.

हा ओहम म्हणजे काय ते सांगायला आमच्याकडचे मालगुजारी तलाव उपयोगी पडतात. तलावात पाणी किती उंच उभे आहे, तो झाला व्होल्ट. पाटातून किती वाहते, तो प्रवाह. आणि पाटाचे तोंड किती अरुंद, तो ओहम. अडीचशे ओहमचे तोंड फार अरुंद. त्यातून पाणी थोडेच लागते, पण ते ढकलायला उंची हवी. फोनचा तलाव उथळ असतो, एवढेच.

मग असले हेडफोन करतात तरी कशाला? बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिले की ओहम वाढतो. आणि स्टुडिओत एकाच यंत्राला चारपाच जणांचे हेडफोन जोडायचे असले तर असा वाढीव ओहम सोयीचा पडतो. जुन्या काळी क्रिस्टल रेडिओवर ऐकणारे हौशी लोक तर दोन हजार ओहमचे हेडफोन कानाला लावीत. त्या रेडिओला ना बॅटरी, ना ॲम्प्लिफायर. एरियलमधून येणाऱ्या चिमूटभर शक्तीवरच सारा संसार!

आता थोडे गणित. वाचकहो, घाबरू नका. मीही भाषेचाच माणूस आहे. या हेडफोनला एक मिलिवॉट दिला की तो सुमारे ९६ डेसिबल आवाज काढतो. एका मिलिवॉटला २५० ओहमवर अर्धा व्होल्ट लागतो. समजा, फोन तेवढाच देतो. माझ्या मुद्रणात सर्वांत मोठा आवाज असतो फोनजवळ आदळलेल्या भांड्याचा. चार हात दूर बसलेल्या आजीचा आवाज त्याच्या ३५ डेसिबल खाली. म्हणजे भांडे ९६ वर आणि आजी ६१ वर! डोक्यावर पंखा फिरत असला की आजी संपल्याच. संगणकावर सरसकट आवाज वाढवावा, तर आधी भांड्याचाच आवाज फाटतो. पण अडीच व्होल्ट देणारा ॲम्प्लिफायर मध्ये घातला, की १४ डेसिबलची भर पडते आणि आजी ७५ वर येतात, समोर बसून बोलल्यासारख्या.

मी पाच हजारांची रेघ ओढून शोध सुरू केला. जाहिराती वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी पहिली गोष्ट ही, की त्यांतला मिलिवॉटचा मोठा आकडा बहुधा ३२ ओहमचा असतो. दोन व्होल्ट देणारे यंत्र ३२ ओहमवर १२५ मिलिवॉट देते. तेच २५० ओहमवर अवघे १६! म्हणून दुकानदाराला विचारावे, "२५० किंवा ३०० ओहमवर किती?" उत्तर न आले तर पुढचे दुकान गाठावे. दुसरी गोष्ट, यंत्राचा स्वतःचा ओहम हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा ठोकताळा आहे. आपल्या बाबतीत तीसपर्यंत चालतो, म्हणजे येथे फारशी अडचण नाही. तिसरी गोष्ट, काहीही न वाजवता घुंडी पूर्ण फिरवून ऐकावे. सूं-सूं ऐकू आली तर ते यंत्र ओव्यांच्या कामाचे नाही.

आमच्याकडे आणखी एक पाहावे लागते. वीज जाते, इन्व्हर्टर चालू होतो. जुन्या घरात अर्थिंगचा पत्ता नसतो आणि हेडफोनमध्ये घुंईं सुरू होते. अशा ठिकाणी फोनला किंवा बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला लावायचे बोटभर यंत्रच बरे. भिंतीतल्या विजेशी त्याचा संबंधच येत नाही.

आणि महाग तेच चांगले, ही समजूतही सोडावी. २०११ साली एका निनावी इंजिनियरने 'ओ-टू' नावाच्या ॲम्प्लिफायरचा सारा आराखडा कुणालाही बनवता येईल असा प्रसिद्ध केला आणि मोजमापे मांडून दाखवले, की चांगल्या यंत्राला फार पैसे लागत नाहीत. पुढल्या वर्षी त्याचे लेखन थांबले. नाव अजून कुणाला नक्की ठाऊक नाही. ओव्या रचणाऱ्या बायांचे तरी कुठे ठाऊक आहे?

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. आजीला ७५ वर आणले की भांडे ११० वर जाते! म्हणून एक हात सदैव घुंडीवर ठेवावा. भांड्यांच्या जागा आधी कमी आवाजात ऐकून टिपून घ्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो. ९० झाला की अवघे चार तास.

आणि उरलेल्या पैशांचे काय करावे? गाडीत पेट्रोल भरावे, आणखी एका आजीकडे जावे, आणि या खेपेस फोन चार हातांवर न ठेवता घडी घातलेल्या लुगड्यावर त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. एवढ्या एका गोष्टीने जो आवाज वाढतो, त्याला पैसा लागत नाही.