फेलोशिपच्या अर्जात प्रश्न कसा मांडायचा?

अमरावती-अकोल्यातून विधी फेलोशिपला अर्ज करताय? ‘मानवी हक्कांवर काम करायचंय’ एवढंच लिहू नका. तो विषय झाला, प्रश्न नाही.

मेळघाटचं उदाहरण घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. मग विचारा: अमुक गावाचा दावा कुठल्या टप्प्यावर, कुठल्या पुराव्यावाचून अडला? गावातल्या ज्येष्ठांचा लेखी जबाबही नियम १३ प्रमाणे पुरावा धरतात. तो जोडला होता का?

उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला मुदत ६० दिवसांची. तुमचा अहवाल वर्षाने येणार असेल, तर तोवर गावाच्या हाती काय पडेल, हे अर्जातच लिहा. फेलोशिपचं मानधन त्या कामासाठीच असतं.