टेबलावरचं वॉटर्लू

जून २०१९ मधल्या एका शनिवार-रविवारी ग्लासगोच्या केल्विन हॉलमध्ये वॉटर्लूची लढाई पुन्हा लढली गेली. शिपाई २२ हजारांहून जास्त, जेमतेम २८ मिलिमीटर उंच आणि सगळे हातानं रंगवलेले. 'वॉटर्लू अनकव्हर्ड' ही संस्था माजी सैनिकांना सोबत घेऊन त्या रणभूमीचं उत्खनन करते. तिला निधी मिळावा म्हणून ग्लासगो विद्यापीठाच्या मदतीनं हा घाट घातलेला होता.

आता हिशेब. १८ जून १८१५ रोजी वेलिंग्टनकडे सुमारे ६८ हजार माणसं होती, नेपोलियनकडे ७३ हजार, आणि संध्याकाळपर्यंत ब्ल्यूशरचे पन्नासेक हजार प्रशियन वेलिंग्टनला येऊन मिळाले. (हा वेलिंग्टन आपल्या ओळखीचा. १८०३ मध्ये आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता.) म्हणजे एकेका बाहुल्यानं आठ-नऊ माणसांचं ओझं वाहायचं.

माणसांचं असं भागतं, जमिनीचं भागत नाही. २८ मिलिमीटरचा शिपाई खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्शाएवढा. त्याच मापानं पाच किलोमीटरची रणभूमी मांडायची तर ऐंशी मीटरांहून लांब टेबल लागेल. म्हणून जमीन माणसांपेक्षा कितीतरी जास्त आक्रसावी लागते. मग ऊगूमाँची वाडी अशी होते की भिंत शिपायाच्या मापाची, पण अंगणात तीस-चाळीस जण उभे केले की संपलं; प्रत्यक्षात त्या वाडीसाठी दिवसभर हजारो माणसं झुंजत होती. नवखा माणूस इथे अडखळतो. दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्याला मात्र समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या किल्ल्यात मावळा दरवाज्याहून उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बुरुजाएवढे.

दुसरी अडचण माणसाच्या हाताची. वाकून हात तीनेक फूट जातो, म्हणून टेबल सहा फुटांहून रुंद केलं की मधली पलटण कुणालाच हलवता येत नाही. मोठ्या खेळात टेबलं वेगवेगळी लावतात आणि मधून चालायला वाट सोडतात. खेळाडू त्या वाटेत उभा राहून चहा पितो, पण खेळात ती वाट नसतेच. तोफेचा मारा तिच्यावरून सरळ पलीकडे जातो.

फासे, पंच आणि ठरावीक मिनिटांची खेप, असल्या खेळांचा हा सांगाडा प्रशियन अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ यानं १८२४ मध्ये घालून दिला. त्याचा खेळ नकाशावरचा होता, सैनिकी शिक्षणासाठीचा. एक खेप म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. खेळण्यातले शिपाई घेऊन घरी खेळायचे नियम एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स'मध्ये छापले. त्याला फासे नको होते, तो स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं खरोखर शिपाई पाडायचा. एकेका शिपायाच्या कोटाची बटणं रंगवण्यात रात्री घालवलेल्या माणसासमोर ही कल्पना काढून बघावी!

पण वॉटर्लू मांडणाऱ्याला खरा घोर असतो तो प्रशियनांचा. ते किती वाजता आणि कुठून टेबलावर येणार? वेळ आधीच सांगितली तर नेपोलियन झालेला खेळाडू घाई करतो, फाशावर सोडली तर कदाचित ते येतच नाहीत. हा वाद फार जुना आहे. लेफ्टनंट विल्यम सायबोर्ननं रणभूमीवरच्याच ला-हे-सांतच्या वाडीत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली, लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून कोण कुठे उभा होता ते विचारलं, आणि १८३८ मध्ये लंडनमध्ये सुमारे पंचाहत्तर हजार बारीक पुतळ्यांची रणभूमी लोकांपुढे ठेवली. क्षण निवडला संध्याकाळी सातचा. त्यात प्रशियन इतके आणि इतके पुढे आलेले दिसत होते की विजयाचं श्रेय वाटलं जात होतं. वेलिंग्टनला ते रुचलं नाही. पुढे सायबोर्ननं त्यांतले बरेच प्रशियन काढून टाकले. उरलेली रणभूमी आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

ग्लासगोतले शिपाई खोक्यांत परत गेल्यावर महिन्याभरात 'वॉटर्लू अनकव्हर्ड'चं खोदकाम माँ-सें-जाँच्या वाडीत सुरू होतं. वेलिंग्टनच्या फौजेचं इस्पितळ तिथे होतं. मातीतून तिथे कापून काढलेल्या पायांची हाडं निघाली.