विद्यार्थी व्हिसा एका देशाचा, प्रवास अनेक देशांचा

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की लातूर आणि नांदेड या दोन शहरांची नावे राज्यभर चर्चेत येतात. ‘लातूर पॅटर्न’ने रुजवलेली अभ्यासाची शिस्त पुढे नांदेडच्या शिकवणी वर्गांनीही आत्मसात केली. येथून बाहेर पडणारा विद्यार्थी पूर्वी पुणे किंवा मुंबई गाठत असे. गेल्या दोन दशकांत त्याची वाट साता समुद्रापार जाऊ लागली आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया किंवा किर्गिझस्तान, तर अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनासाठी अमेरिका, ब्रिटन वा जर्मनी, अशी ही वाटचाल आहे. विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि पासपोर्टवर व्हिसा उमटला की गंगेत घोडे न्हाले, अशीच बहुतेक कुटुंबांची समजूत असते. प्रत्यक्षात हा व्हिसा एका देशात राहून शिकण्याची परवानगी असतो. शेजारच्या देशात पाऊल टाकण्याचा हक्क त्यातून मिळेलच असे नाही. आणि काही वेळा तर सुटीत घरी येऊन पुन्हा विद्यापीठात परतण्यासही तो पुरेसा ठरत नाही.

युक्रेनने दिलेला धडा

या फरकाची सर्वांत कठोर प्रचीती २०२२ साली आली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांत लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील मुलेमुलीही होती. त्यांच्याजवळ युक्रेनचा निवास परवाना होता. पण पोलंड, हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकिया या शेजारी देशांत शिरण्यासाठी तो कागद एरवी निरुपयोगी होता. या देशांनी युद्धकाळ लक्षात घेऊन विशेष सवलत दिली आणि भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून विद्यार्थी मायदेशी परतले. तथापि अशी दारे रोज उघडत नाहीत. शांततेच्या काळात सीमेवर पोहोचलेल्या विद्यार्थ्याला व्हिसाविना परतच फिरावे लागते.

त्या प्रसंगाने आणखी एक गोष्ट अधोरेखित केली. परदेशात पोहोचताच तेथील भारतीय दूतावासाकडे आपले नाव, पत्ता आणि संपर्क नोंदविणे ही केवळ औपचारिकता नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावरही विद्यार्थ्यांना नोंदणीची सोय आहे. संकटकाळी दूतावासाला विद्यार्थी शोधता येतो तो याच नोंदीवरून.

ब्रिटनमधून युरोप

लंडन वा मँचेस्टरला शिकणाऱ्या मुलाला नाताळच्या सुटीत पॅरिस पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ब्रिटन शेंगेन गटात नाही. या गटातील २९ देशांसाठी भारतीय नागरिकाला स्वतंत्र व्हिसा लागतो आणि नियमानुसार अर्ज आपण जेथे कायदेशीर वास्तव्य करतो त्या देशातून करावयाचा असतो. म्हणजे ब्रिटनमधील विद्यार्थ्याने तो ब्रिटनमधूनच करावा. कोणत्या देशाकडे, याचेही उत्तर ठरलेले आहे: ज्या देशात मुक्काम सर्वाधिक दिवसांचा, त्याच्याकडे, मुक्काम सारखेच असतील तर जेथे प्रथम प्रवेश होणार, त्याच्याकडे. तारीख लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करणे अंगलट येऊ शकते.

हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस लागतात. शंका असल्यास ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. शैक्षणिक सहलीसाठी किंवा अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफीची तरतूद आहे, ती विद्यापीठाचे पत्र जोडून मागता येते. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नसावा, त्यात दोन कोरी पाने असावीत आणि परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध असावा. निवास परवान्याचीही तेवढी मुदत शिल्लक असावी, अशी अपेक्षा बहुतेक दूतावास बाळगतात. शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्यांची अडचण होते ती नेमकी येथे.

आयर्लंडच्या बाबतीतही अनेकांची फसगत होते. ब्रिटनहून डब्लिन हाकेच्या अंतरावर असले, तरी ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही. तसेच ब्रिटनमध्ये राहून व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत युरोप वा भारताचा प्रवास टाळावा. देश सोडल्यास तो अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते.

जर्मनी किंवा फ्रान्सचा निवास परवाना असलेल्यांची स्थिती सुखाची आहे. त्या परवान्यावर आणि पासपोर्टवर अन्य शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. मात्र लंडनला जायचे तर त्यांनाही ब्रिटनचा व्हिसा घ्यावाच लागतो.

अमेरिका : जाणे सोपे, परतणे अवघड

अमेरिकेत ‘व्हिसा’ आणि ‘वास्तव्याचा हक्क’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पासपोर्टवरील एफ-१ व्हिसा हा दारातून आत येण्याचा परवाना. आत आल्यावर अभ्यासक्रम नियमित सुरू असेल, तर व्हिसाची मुदत संपल्यानेच वास्तव्य बेकायदा ठरत नाही. परंतु तोच विद्यार्थी दिवाळीला किंवा बहिणीच्या लग्नाला घरी आला, की परतण्यासाठी नवा व्हिसा लागतो. त्यासाठी मुंबई किंवा हैदराबाद येथील वाणिज्य दूतावास या भागाला सोयीचे. मराठवाड्याचे हैदराबादशी नाते निजामाच्या राजवटीपासूनचे. नांदेडकरांना ते मुंबईपेक्षा जवळही आहे. तेथे अमेरिकेचा वाणिज्य दूतावास २००८ मध्ये सुरू झाला.

अलीकडे हे नियम कडक झाले आहेत. जून २०२५ मध्ये विद्यार्थी अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवण्याची सूचना देण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मुलाखतीविना नूतनीकरणाची सवलत बहुतांशी काढून घेण्यात आली, आणि अर्ज मायदेशातून किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावा, असेही बजावण्यात आले. म्हणजे तिसऱ्याच देशात जाऊन लवकरची तारीख मिळविण्याचा जुना मार्ग आता भरवशाचा राहिलेला नाही. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी मुलाखतीची तारीख पाहावी. आय-२० या कागदावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची स्वाक्षरी एका वर्षाच्या आतील आहे ना, हेही तपासावे. वाटेत विमान बदलावयाचे असेल तर त्या विमानतळाचे नियम वेगळे. वैध अमेरिकी व्हिसामुळे काही ठिकाणी मिळणारी सवलत व्हिसाची मुदत संपताच जाते.

नाव आणि सातबारा

परदेशी अधिकाऱ्यापुढे कागद जातात ते मात्र आपल्याकडचे, आणि त्यांची रीत त्याला अपरिचित असते. आपल्या शिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र रकान्यात जाते. परदेशी संगणक पहिला शब्द हेच नाव समजतो आणि विद्यापीठाच्या पत्रावर, तिकिटावर, विम्यावर तीन निरनिराळी नावे उमटतात. पासपोर्टवरील नाव प्रमाण मानून विद्यापीठाच्या नोंदी पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घ्याव्यात.

दुसरा प्रश्न पैशांचा. नोकरदार पालकाकडे पगारपत्रक असते, विवरणपत्र असते. शेतकरी पालकाचे उत्पन्न मात्र करमुक्त. ते दर महिन्याला जमा होत नाही. लातूर बाजार समितीत सोयाबीन किंवा तूर विकली की एकदम मोठी रक्कम खात्यावर येते. मासिक पगाराची सवय असलेल्या अधिकाऱ्याला ही रक्कम केवळ दाखविण्यासाठी उसनी आणल्यासारखी वाटते. म्हणून आडत्याची पट्टी, सातबारा उतारा आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्न दाखला ही कागदपत्रे प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह जोडावीत आणि सोबत अर्ध्या पानाचे पत्र लिहून कोणती रक्कम कोणत्या मालाची, हे स्पष्ट करावे. प्रामाणिक कुटुंबाचा अर्ज अनेकदा पैशांच्या अभावी नव्हे, तर पैशांच्या खुलाशाच्या अभावी अडतो.

खोट्याचा भुर्दंड

व्हिसा नाकारला जाणे ही नामुष्की नव्हे. शेंगेन देश नकाराची कारणे लेखी देतात आणि अपिलाची संधीही असते. खरे नुकसान होते ते नकार लपविल्याने. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांच्या अर्जांत पूर्वीच्या नकाराविषयी प्रश्न असतोच. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. एजंटाने जोडलेले बनावट हॉटेल आरक्षण असो वा बँकेचा खोटा उतारा, त्याखाली सही विद्यार्थ्याची असते आणि जबाबदारीही त्याचीच. चार दिवसांच्या सहलीसाठी केलेली लबाडी लाखो रुपयांच्या कर्जावर उभ्या असलेल्या शिक्षणावर पाणी फिरवू शकते.

नियम बदलत राहतात. म्हणून मित्राचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव हा आधार होऊ शकत नाही. संबंधित दूतावासाचे अधिकृत संकेतस्थळ आणि विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांचा कक्ष हेच विश्वासाचे दोन स्रोत. या कक्षाचे मार्गदर्शन विद्यार्थ्यांना बहुधा विनामूल्य मिळते आणि नियमित विद्यार्थी असल्याचे पत्रही तेथून मिळते. प्रवासाचा बेत ठरला की तिकिटाआधी या कक्षाची पायरी चढावी.