चोरीस, हॉट डॉग आणि मुलांचा डबा

‘डॉक्टर, सॉसेज म्हणजे प्रोटीनच ना?’ हा प्रश्न दादर-परळ भागातील दवाखान्यात अलीकडे वारंवार ऐकू येतो. विचारणारी आई बहुधा नोकरी करणारी असते. सकाळी सातच्या आत दोन डबे भरायचे, लोकल गाठायची, आणि मुलगा पोळी-भाजी तशीच परत आणतो. अशा वेळी फ्रीझरमधले पाकीट उघडून तव्यावर चार सॉसेज परतणे आणि लांबट पावात भरून देणे ही मोठी सोय आहे. तिचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याला नुसते ‘हो’ म्हटले तर उत्तर अर्धवट राहते, आणि नुसते ‘नाही’ म्हटले तर ते खोटे ठरते.

सॉसेज ही मुळात टिकवणुकीची युक्ती आहे. जनावर एकदा कापले की सगळे मांस एका दिवसात संपत नाही. मग उरलेले मांस व चरबी बारीक करायची, त्यात भरपूर मीठ व मसाला मिसळायचा, स्वच्छ केलेल्या आतड्यात ती भरायची आणि वाळवून किंवा धुरावून ठेवायची. मीठ मांसातील पाणी ओढून घेते, आणि पाणी नसले की जंतूंची वाढ खुंटते. युरोपात हे काम कडाक्याच्या हिवाळ्याआधी होई. आपल्याकडे त्याच तत्त्वावर पावसाळ्याआधी सोडे, सुकट आणि सुके बोंबील डब्यात भरले जातात. एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला गल्लीत वर्षभराच्या मसाल्यासाठी मिरच्या निवडल्या आणि कांडल्या जात असतात, त्याच सुमारास गोव्यातील ख्रिस्ती घरांत चोरिसाच्या माळा उन्हात टांगण्याची रीत होती. पाऊस येण्याआधी घर भरून ठेवायचे, हा हिशेब दोन्हीकडे एकच.

चोरीस हे नाव पोर्तुगीज ‘शोरिसो’वरून आले. पोर्तुगालात त्यात वाइन आणि पाप्रिका पडते. गोव्याने वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा शिर्का घातला आणि सढळ हाताने लाल मिरची, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी मिसळली. ज्या मिरचीवाचून आज आपले पान हलत नाही, ती मिरचीसुद्धा पोर्तुगिजांनीच या किनाऱ्यावर आणली, हे येथे आठवून ठेवायला हरकत नाही. डुकराच्या मांसाचे तुकडे या मसाल्यात मुरवून आतड्यात भरतात आणि दोऱ्याने बांधून मण्यांसारखी माळ करतात. बोटीवर खलाशी म्हणून जाणारे गोवेकर मुंबईत धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामायिक निवासांत, उतरत. त्यांच्या सामानाबरोबर ही माळही मुंबईत आली. आजही धोबीतलाव, गिरगाव आणि दादरच्या पोर्तुगीज चर्चचा परिसर येथील ख्रिस्ती घरांत गावाहून येणारा माणूस चोरीस आणतो की नाही, याकडे लक्ष असते.

या पदार्थाबद्दल डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. चोरीस हे शिजवलेले नसते. ते मुरवलेले, वाळवलेले कच्चे मांस असते, म्हणून आतपर्यंत पूर्ण शिजल्याशिवाय ते खाऊ नये. कच्च्या डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी जातो. त्याच्या अंड्यांमुळे मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात, तो आजार मात्र मांसातून होत नाही. ती अंडी माणसाच्या विष्ठेतून दूषित पाण्यात, न धुतलेल्या हातांवर आणि कच्च्या भाजीवर येतात. त्यामुळे जन्मभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो, हे ऐकून अनेक शाकाहारी कुटुंबे चकित होतात.

मसाला की मुख्य अन्न?

जगभरातील जुन्या पाककृती पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. जेथे सॉसेज शतकानुशतके खाल्ले जाते, तेथे ते क्वचितच एकटे येते. इटलीत नववर्षाला ‘कोतेकिनो’ नावाचे जाड सॉसेज मसुराबरोबर वाढतात. दक्षिण फ्रान्समध्ये ‘कासुले’त ते पांढऱ्या घेवड्याच्या बियांत तासन्‌तास शिजते. ब्राझीलच्या ‘फेजॉआदा’त काळ्या राजम्याबरोबर, जर्मनीत आंबवलेल्या कोबीबरोबर, आणि गोव्यात कांदा-बटाट्याबरोबर किंवा पुलावात. खारट, तिखट, चरबीयुक्त असे दोन-चार तुकडे भांडेभर कडधान्याला चव देतात. आपण वरणात हिंग घालतो किंवा वांग्यात सोडे घालतो, तशी ही पद्धत आहे. त्या स्वयंपाकात सॉसेज मसाल्याचे काम करते, पोट भरते ते डाळीने.

गोव्यातही फेजॉआदा होते, आणि मुंबईच्या घरात ती सहज जमते. सहा माणसांसाठी पाव किलो राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि कुकरमध्ये मऊ शिजवावा. (राजमा कच्चट राहिला तर पोट बिघडते, म्हणून येथे घाई नको.) चोरिसाचे सहा-सात मणी, साधारण १०० ग्रॅम, दोरा व आवरण काढून कपभर पाण्यात मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे उकळावेत. वर तेलाचा लाल तवंग येईल, तो निम्मा काढून टाकावा. उरलेल्या तवंगातच दोन कांदे आणि एक टोमॅटो परतून त्यात चोरीस व राजमा घालावा आणि दहा मिनिटे एकजीव होऊ द्यावे. वेगळे तेल लागत नाही. मीठ चव पाहिल्याशिवाय घालू नये, बहुतेक वेळा घालावेच लागत नाही. शेवटी लिंबू पिळून भाताबरोबर वाढावे. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम चोरीस येते आणि कोणीही तक्रार करीत नाही.

हॉट डॉगने हे सगळे सोबती दूर केले. फ्रँकफर्ट व व्हिएन्ना येथील मऊ, धुरावलेली सॉसेज जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर पावात बसली. तेथे नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या तरुणाने १९१६ साली पाच सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली. कामगाराला उभ्याने, एका हाताने खाता येणारे अन्न म्हणून त्याचे यश समजण्यासारखे आहे. आपल्या गिरणगावातील वडापावाचे यशही त्याच जातीचे. चिलीतील लोकांनी त्यावर ॲव्होकाडो, टोमॅटो आणि कोबीचा ढीग रचून त्याला ‘कम्प्लेतो’ म्हणजे ‘पूर्ण’ असे नाव दिले. ते मला फार समर्पक वाटते. आपल्या डब्यात मात्र अपूर्ण आवृत्ती आली: मैद्याचा पाव, सॉसेज आणि गोड केचप.

पाकिटाची मागची बाजू

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. बाजारातील बऱ्याच चिकन सॉसेजमध्ये १०० ग्रॅममागे १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असतात. साध्या कोंबडीच्या मांसात ती २० ग्रॅमच्या वर असतात. मधली जागा पाणी, चरबी, कातडी आणि स्टार्च भरून काढतात. पाकिटावर सोडियमचा आकडा शोधावा आणि त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ किती ते कळते. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ २ ग्रॅम झाले. मोठ्या माणसाने दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुलांसाठी ही मर्यादा आणखी खाली आहे. तीन-चार लहान सॉसेजमध्ये मोठ्या माणसाचा चाळीस टक्के कोटा संपला, पाव आणि केचप यांचे मीठ निराळेच. घरात आजोबा रक्तदाबाची गोळी घेत असतील आणि नातवाच्या डब्यातले उरलेले सॉसेज ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून तेच खात असतील, तर हा हिशेब त्यांनाही लागू आहे.

घटकांच्या यादीत आयएनएस २५० असा क्रमांक दिसला तर तो सोडियम नायट्राइटचा आहे. सॉसेजचा गुलाबी रंग त्याच्यामुळे टिकतो. पण तो केवळ रंगासाठी घालतात असे समजणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील वुर्टेम्बर्ग भागात सॉसेज खाऊन माणसांच्या पापण्या मिटत, गिळता येईनासे होई आणि अखेर श्वास थांबे. जस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने, जो कवी म्हणूनही प्रसिद्ध होता, १८२० च्या सुमारास या रोगाचे तपशीलवार वर्णन केले आणि ते विष थोडे स्वतःवरही आजमावून पाहिले. सॉसेजसाठी लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ हा शब्द आहे, त्यावरून रोगाला बोट्युलिझम हे नाव पडले. त्या जंतूला रोखण्याचे काम नायट्राइट करते.

दुसरी बाजू अशी की, शरीरात आणि तीव्र आचेवर नायट्राइटपासून नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होऊ शकतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे, आणि त्यावरून ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ अशी ओरड झाली. ती चुकीची होती. गट हा पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो निष्कर्ष आहे. म्हणजे १०० पैकी ५ जणांना तो रोग एरवी होणार असेल, तर रोज खाणाऱ्या १०० जणांत सुमारे ६ जणांना होईल. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. तेव्हा वाढदिवसाच्या हॉट डॉगने काही बिघडत नाही. ‘रोज’ या शब्दात सगळे आहे, आणि शाळेचा डबा रोज भरला जातो. सात वर्षांच्या मुलाला लागलेली चव पुढे पन्नास वर्षे सोबत करते.

खायचे त्या दिवशी सॉसेज आधी पाण्यात उकळावे, मग मंद आचेवर परतावे, करपू देऊ नये. गरोदर स्त्रियांनी पाकिटातले थंड सॉसेज किंवा सलामी तशीच खाऊ नये. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये ‘पोलोनी’ या तयार सॉसेजमधून लिस्टेरिया जंतूची साथ पसरली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत नवजात अर्भके पुष्कळ होती.

सर्वात तातडीचा धोका मात्र वेगळाच आहे, आणि त्याविषयी घरांत फारसे बोलले जात नाही. सॉसेजचे गोल काप लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसतात. ते गोल, मऊ आणि दबणारे असल्याने घट्ट अडकतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये हॉट डॉगचा आकारच बदलावा अशी सूचना केली होती. चार वर्षांखालील मुलाला गोल काप कधीही देऊ नयेत. सॉसेज आधी उभे चार भागांत चिरावे, मग बारीक करावे. मूल बसून खात असावे. द्राक्षांनाही हाच नियम लावावा, आणि या वयात अख्खे शेंगदाणे देऊच नयेत. घास अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. मूल वर्षापेक्षा मोठे असल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाब द्यावा, आणि घास निघेपर्यंत हे आलटून-पालटून करावे. वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब देऊ नये. त्याला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून पाठीवर थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. दिसत नसलेला घास काढण्यासाठी घशात बोट घालू नये, तो आणखी आत जातो. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ वर फोन करायला सांगावे.

आवरणाशिवाय

बाल्कन देशांत ‘चेवापी’ नावाचे सॉसेज आवरणाशिवायच करतात. खिमा बोटाएवढा वळून निखाऱ्यावर भाजतात. मोहम्मद अली रोडवरचा शीग कबाब त्याचा चुलतभाऊ शोभेल. डब्यासाठी याच धर्तीवर घरी करता येते. कोंबडीच्या मांडीच्या मांसाचा अर्धा किलो खिमा फ्रीजमध्ये गार करून घ्यावा. त्यात अर्धा चमचा मीठ घालून पाच मिनिटे तो चिकट होईपर्यंत मळावा. मिठामुळे प्रथिने सुटून खिमा बांधला जातो, म्हणून मैदा लागत नाही. मग सहा पाकळ्या लसूण, पेरभर आले, मिरीपूड, किसलेले जायफळ, चमचाभर काश्मिरी तिखट आणि मूठभर कोथिंबीर घालावी. बारा लांबट उंडे करून, विस्तवावर नरम केलेल्या केळीच्या पानाच्या तुकड्यांत गुंडाळून वीस मिनिटे वाफवावेत. गणपतीचे मोदकपात्र सोवळ्यात ठेवणाऱ्या घरांनी इडलीपात्र घ्यावे. एक कापून पाहावा: आत गुलाबी दिसता कामा नये. नायट्राइट नसल्याने रंग थोडा फिका येतो, तेवढ्यासाठीच काश्मिरी तिखट आहे. मीठ बाजारच्या सॉसेजच्या साधारण एक तृतीयांश पडते. फ्रीजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात. सकाळी थोड्या तेलावर पूर्ण गरम होईपर्यंत परतून पोळीत काकडी-कांद्याबरोबर गुंडाळावेत.

शाकाहारी घरांनीही मागे राहण्याचे कारण नाही. वेल्समध्ये ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’ नावाचा प्रकार चीज, पातीच्या कांद्यासारखी ‘लीक’ ही भाजी आणि पावाचा चुरा यांचा करतात, त्यात मांसाचा कणही नसतो. आपली कोथिंबीर वडी कापण्यापूर्वी उंड्याच्या रूपात वाफवली जाते, तेव्हा ती नेमकी याच कुळातली असते. बेसनात मूठभर भिजवलेली, वाटलेली मूगडाळ मिसळून, उंडे बोटाएवढे वळून वाफवावेत आणि न कापता, न तळता, तीळ लावून तव्यावर फिरवून घ्यावेत. मुलाला ते ‘व्हेज हॉट डॉग’ म्हणून द्यावेत की कोथिंबीर वडी म्हणून, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरवावे. माझ्या माहितीतल्या बऱ्याच घरांत पहिले नाव अधिक लवकर संपते.