आरोप, दोष आणि संघशिस्त

नामांकित खेळाडूवर फौजदारी आरोप आला असता संघाने काय करावे, हा प्रश्न पुष्कळ अंशी शब्दविवेकाचा आहे. ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘अपराधी’ हे समानार्थी शब्द नव्हेत. तसेच ‘निलंबन’ ही तात्पुरती व्यवस्था होय; ‘बंदी’ ही शिक्षा होय.

मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यास मे २०१३ मध्ये सामन्यातील गैरव्यवहाराच्या आरोपावरून अटक झाली. क्रिकेट नियामक मंडळाने त्यास प्रथम निलंबित केले व सप्टेंबरमध्ये स्वतःच्या चौकशीअंती आजीव बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने चव्हाण, श्रीशांत प्रभृतींस आरोपमुक्त केले. बंदी मात्र उठली नाही. ही विसंगती केवळ वरवरची आहे. न्यायालय गुन्ह्याचा विचार करते, मंडळ शिस्तभंगाचा. दोहोंची पुराव्याची कसोटी भिन्न असते. तथापि शिक्षेस प्रमाण हवेच. २०१९ मध्ये श्रीशांतच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा फेरविचार करावयास सांगितले. पुढे दोघांचीही बंदी सात वर्षांवर आली.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कबड्डी-संघासही हाच क्रम उपयोगी पडावा: आरोपाचे गांभीर्य पाहून निलंबन, स्वतंत्र चौकशी, खेळाडूचे म्हणणे ऐकणे आणि मगच निर्णय. तोवर संघाच्या पत्रकात ‘अपराधी’ हा शब्द येऊ नये. खेळाडू गुणी आहे एवढ्यावरून ‘निर्दोष’ हाही येऊ नये.