कुंडीतील टोमॅटोचे उपद्रवी प्राण्यांपासून संरक्षण

अंगणात, ओट्यावर किंवा गच्चीवर कुंड्यांमधून टोमॅटो घेण्याची पद्धत आता खेड्यांतही दिसते. शेतात पाच-पंचवीस फळे गेली तर लक्षातही येत नाही. कुंडीतील झाडावर मात्र मोजकीच फळे असतात. खारीने दोन दिवस हजेरी लावली की दोन-अडीच महिन्यांची मेहनत वाया जाते. त्यामुळे फळांना रंग येण्यापूर्वीच बंदोबस्त करावा.

नुकसान कोणाचे ते ओळखा

फळाला दिवसा चोच मारलेली असल्यास ते काम बहुधा बुलबुलाचे असते. खार दिवसा फळ कुरतडून अर्धवट टाकते. उंदीर रात्री येतात. कुंडीजवळ त्यांच्या लेंड्या सापडतात. पाने व रोपे खाल्लेली असून वाळलेल्या चिकट स्रावाचा चकचकीत माग दिसल्यास शंखी गोगलगाय समजावी. कोंबड्या व कुत्री कुंडीतील माती उकरतात.

उपाययोजना

१) फळाच्या टोकाला गुलाबी छटा येताच तोडणी करावी. अशी फळे घरात सावलीत ठेवली तरी चांगली पिकतात. हा बिनखर्चाचा व सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

२) कुंड्यांभोवती बांबू किंवा लोखंडी सळ्यांचा सांगाडा करून जाळी बसवावी. पक्ष्यांसाठी नायलॉनची जाळी पुरते. खार व उंदीर ती कुरतडतात, म्हणून त्यांच्यासाठी तारेची अर्धा इंची जाळी वापरावी. लहान उंदरांसाठी पाव इंची जाळी लागते. नायलॉनची जाळी ताणून बांधावी. सैल जाळीत पक्षी व साप अडकतात.

३) टोमॅटोमध्ये स्वपरागीभवन होत असल्याने जाळीमुळे फळधारणा थांबत नाही. मात्र आत वारा कमी लागत असल्यास फुलोऱ्यात असताना सकाळी आधाराच्या काठीला हलकेच टिचकी मारावी.

४) गोगलगायींसाठी सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे कुंड्यांजवळ पसरावीत. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात व मिठाच्या किंवा साबणाच्या द्रावणात बुडवून माराव्यात. हे द्रावण कुंडीत ओतू नये.

५) कुंडीतील मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा विटांचे तुकडे पसरावेत. उन्हाळ्यात पक्षी व खारी ओलाव्यासाठीही फळे फोडतात. त्यांच्यासाठी कुंड्यांपासून दूर पाण्याचे भांडे ठेवावे.

विषारी आमिष टाळा

झिंक फॉस्फाईड किंवा मेटाल्डिहाईडची आमिषे परसबागेत ठेवू नयेत. तेथे मुले खेळतात, कोंबड्या चरतात व कुत्री-मांजरी वावरतात. उंदरांसाठी पिंजरा वापरावा. वानरांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना इजा करू नये. त्यांचा वावर असलेल्या ठिकाणी वरूनही बंद असलेला मजबूत तारेचा पिंजराच उपयोगी पडतो.

चार-सहा कुंड्या असतील तर त्या एकत्र ठेवून एकच जाळी करावी. खर्च वाचतो आणि तीच जाळी पुढील हंगामात मिरची, वांग्यासाठीही वापरता येते.